कशाबद्दल, ते लिहिलंच नाहीये

मावशीकडे बसले होते. सप्टेंबरचे दिवस, बाहेर पाऊस थांबून थांबून पडत होता आणि ती ओट्यापाशी खुर्ची घेऊन अळूची देठं सोलत होती, बोटं काळी पडलेली. तेवढ्यात फोन वाजला. हात पुसून तिने चष्मा लावला, व्हॉट्सॲप उघडलं, वाचलं आणि फोन माझ्याकडे सरकवला. दिव्याचं चित्र, हात जोडलेले इमोजी आणि खाली ते आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य, कळत नकळत माझ्याकडून आपलं मन दुखावलं गेलं असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा करावी. वर बारीक अक्षरात फॉरवर्डेड. पाठवणारे नात्यातलेच, ज्यांच्याशी तिचं बोलणं बरीच वर्षं बंद आहे. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "कशाबद्दल, ते लिहिलंच नाहीये," आणि पुन्हा देठं सोलायला लागली.

कशाबद्दल हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. गावचं घर उतरवलं तेव्हा आतल्या सागवानी तुळया कोणी नेल्या, कधी नेल्या, कोणाला विचारून नेल्या यातलं काहीच बहिणींना सांगितलं गेलं नाही. मग एक दिवस फेसबुकवर कोणाच्या तरी नव्या बंगल्याचे फोटो आले, हॉलच्या छताला मस्त पॉलिश केलेल्या तुळया, आणि त्यातल्या एकीला लोखंडी कडी होती. मावशीने फोटो मोठा करून करून ती कडी बघितली होती. तिचा, माझ्या आईचा, सगळ्या भावंडांचा पाळणा त्या कडीला बांधलेला असायचा. तिला तुळई परत नको आहे, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती तुळई ठेवणार कुठे. पण तो मेसेज वाचून तिच्या तोंडावर जे आलं ते रागाच्या पलीकडचं काहीतरी होतं, आणि ते माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

मी हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं. काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, ठाण्यात आयुष्य गेलं, निम्मं घर आता इस्राएलमध्ये. त्यांच्या आजीच्या काळी योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या वर्षातल्या क्षमेच्या दिवसाला, दरफाळणीचा सण म्हणायचे, त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, बाहेर कुठे जायचं नाही, कोणाला शिवायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा मग एकमेकांकडे जायचं, दानधर्म करायचा. आता सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, जातात. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, चामड्याची चप्पलसुद्धा नाही. मी म्हटलं कडक उपास आहे काकू, तर त्या म्हणाल्या, "उपास काय गं, कोणीही करतो. त्याच्या आधी जे फोन करावे लागतात ना, ते जड जातं."

हे वाक्य ऐकलं आणि मी वाचायला लागले. ज्यू परंपरेबद्दल मला तोवर वरवरचंच माहीत होतं, आणि जसजशी वाचत गेले तसतसं वाटायला लागलं की चूक झाल्यावर माणसाने नेमकं काय करायचं याचा इतका बारीक विचार करणारी माणसं मी क्वचितच बघितली आहेत. मिश्नामध्ये, म्हणजे साधारण अठराशे वर्षांपूर्वी एकत्र केलेल्या त्यांच्या नियमांत, सरळ लिहून ठेवलंय की देव आणि माणूस यांच्यातले अपराध योम किप्पूरने धुतले जातात, पण माणसा-माणसातले अपराध त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय धुतले जात नाहीत. म्हणजे दिवसभर उपाशी राहा, रडा, छाती बडवा, ज्याचं नुकसान केलंस त्याच्या दारात जोवर गेला नाहीस तोवर तो हिशोब देवाच्या हातातच नाही. आणि आधी पाप करीन मग पश्चात्ताप करीन असं ठरवून जो चालतो त्याला पश्चात्तापाची संधीच मिळत नाही, हेही तिथेच.

मग बाराव्या शतकात मोशे बेन मायमोन आले, ज्यांना जग मायमोनिडीस म्हणून ओळखतं आणि ज्यू लोक प्रेमाने रामबाम म्हणतात. जन्म स्पेनमधल्या कॉर्दोबाचा, धर्मांतराच्या सक्तीपायी घरदार सोडून मोरोक्को वगैरे करत शेवटी इजिप्तमध्ये कैरोजवळच्या फुस्तातला स्थिरावले. त्यांनी तशुवाचे, म्हणजे चुकीपासून मागे फिरण्याचे, नियम एका जागी मांडून ठेवले. चूक सोडायची, तिचं दुःख वाटलं पाहिजे, पुन्हा करणार नाही असं मनात पक्कं करायचं, आणि हे सगळं तोंडाने बोलायचं. मनातल्या मनात नाही, ओठांवाटे. ज्याला दुखावलं त्याच्याकडे जायचं. त्याने माफ केलं नाही तर तीन माणसं बरोबर घेऊन पुन्हा जायचं, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तरी तो वितळला नाही तर त्याला सोडून द्यायचं, आता दोष त्याच्याकडे. (गुरूला दुखावलं असेल तर मात्र हजार वेळा गेलं तरी जायचं.) आणि तो माणूस वारला असेल तर? तर दहा माणसं घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचं आणि सगळ्यांच्या देखत सांगायचं, मी देवाचा आणि या माणसाचा अपराधी आहे, मी याचं अमुक अमुक केलं. पैसे देणं असेल तर वारसांना द्यायचं.

अमुक अमुक केलं. इथे मी थांबले.

कारण मावशी नेमकं हेच म्हणत होती. आणि गंमत बघा, तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, यावरसुद्धा वाद आहे, रब्बी (धर्मपंडित) येहुदा बेन बावा म्हणतात की पाप नाव घेऊन सांगितलंच पाहिजे आणि रब्बी अकिवा म्हणतात गरज नाही. रामबाम यातून असा मार्ग काढतात की देवाशी केलेल्या चुकांचा गावभर डांगोरा पिटू नये, ते तुझं आणि त्याचं, पण माणसाशी केलेली चूक मात्र नाव घेऊन, उघडपणे. मला हे फार पटलं. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं, देवापुढे आपण पापांची यादी वाचतो आणि माणसापुढे आलो की कळत नकळत. योम किप्पूरच्या प्रार्थनेत एक कबुली असते, हिब्रू अक्षरांच्या क्रमाने एकेक पाप येत जातं आणि प्रत्येकाला मुठीने छातीवर हलकेच ठोकायचं, काकूंनी मला बसल्या बसल्या करून दाखवलं, अगदी हलकं, दार वाजवल्यासारखं. ते सगळं 'आम्ही' असं म्हणायचं, आम्ही फसवलं, आम्ही लुबाडलं, म्हणजे शेजारी उभ्या माणसाला आपण नेमके कोणत्या शब्दाला अडखळलो ते कळत नाही. तिथे गर्दीत लपायची मुभा आहे, पण ती तेवढ्यापुरतीच. फोन ज्याचा त्याने करायचा.

आणि मग तुळई आली. खरंच आली, मी शोधायला गेले नव्हते. योम किप्पूरच्या दुपारी बायबलमधलं योनाचं पुस्तक वाचतात, त्यात निनवे शहर नाश होणार म्हणून राजापासून सगळे गोणपाट नेसून उपास करतात. मिश्नामध्ये त्यावर म्हटलंय की देवाने त्यांचं गोणपाट आणि उपास बघितला असं तिथे लिहिलेलं नाही, त्यांची कृती बघितली असं लिहिलंय. आणि कृती कसली, तर तालमूद सांगतं, त्या शहरात कोणी चोरलेली एक तुळई जरी आपल्या वाड्यात बसवली असेल तरी त्याने अख्खा वाडा पाडून ती मूळ मालकाला परत केली. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पण पुढचं त्याहून भारी आहे. पुढच्या पिढ्यांनी विचार केला की असा नियम ठेवला तर कोण येईल कबूल करायला, एका तुळईसाठी घर पाडावं लागणार असेल तर माणूस गप्पच बसेल. शम्माय आणि हिल्लेल हे दोन जुने मोठे पंडित, त्यातल्या शम्मायचे शिष्य म्हणत होते पाडा. हिल्लेलचे म्हणाले तुळईची किंमत द्या, घर राहू दे. आणि नियम झाला तो हाच, मागे फिरू बघणाऱ्याची वाट अडू नये म्हणून. म्हणजे दुखावलेल्याकडे वस्तू परत मागायचा हक्क होता तो थोडा काढून घेतला, आणि का, तर समोरच्याला सुधारता यावं. मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. मला कुठे हवीये तुळई. त्याने म्हणावं, मी नेल्या, तुम्हाला न विचारता नेल्या. एवढंच." मग जरा वेळाने म्हणाली, त्या कडीला त्याचाही पाळणा होता की.

पूर्ण मागे फिरणं म्हणजे काय, याला रामबामने दिलेली कसोटी मला सगळ्यात अवघड वाटते. तीच परिस्थिती पुन्हा समोर यावी, तीच संधी, अंगात तीच ताकद असावी, आणि माणसाने या वेळी ते करू नये. भीतीने नाही, म्हातारपण आलं म्हणून नाही. याचं उदाहरण म्हणून बायबलमधल्या योसेफच्या भावांकडे बोट दाखवतात. त्यांच्यातल्या यहुदाने इतर भावांना पटवून धाकट्या योसेफला चांदीच्या वीस नाण्यांना विकलं, बापाला रक्ताने माखलेला झगा दाखवला. वर्षं गेली. योसेफ मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झाला, दुष्काळात भाऊ धान्य मागायला आले, त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्याने मुद्दाम सगळ्यात धाकट्या बन्यामीनच्या गोणीत चांदीचा पेला लपवला आणि म्हणाला हा चोर आहे, हा इथे गुलाम राहील, बाकीचे घरी जा. बघा, तीच रचना पुन्हा. बापाचा लाडका, एकाच आईचा राहिलेला, त्याला टाकून निघून जायची आयती संधी, या वेळी तर दोष पण आपल्यावर नाही. आणि यहुदा पुढे येतो आणि म्हणतो याला सोडा, याच्या जागी मला गुलाम ठेवा. योसेफला मग रडू आवरत नाही, सगळ्या चाकरांना बाहेर घालवून तो ढसाढसा रडतो आणि सांगतो मी योसेफ. भावांपैकी कोणी तोवर सॉरी म्हटलेलं नाही. यहुदाने जे केलं तेच त्याचं म्हणणं.

मला प्रश्न पडला की हे नियम माणसाला आहेत तसे संस्थांना आहेत का. कारण बेने इस्राएल लोकांचीच एक जखम आहे आणि ती घरच्यांनी दिलेली आहे. १९४८ नंतर कोकणातली, मुंबईची ही मराठी बोलणारी माणसं इस्राएलला गेली, आणि १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीसंस्थेने सूचना काढली की यांच्यापैकी कोणाचं इतर ज्यूंशी लग्न ठरलं तर त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवून ज्यांनी शनवार तेली हे नाव मिळवलं, त्यांना विचारायचं की तुम्ही खरे ज्यू का. लोकांनी आंदोलन केलं, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, १९६४ मध्ये प्रकरण संसदेत गेलं, पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असं सांगितलं आणि त्यांना वेगळं काढणारी सूचना मागे घेतली गेली. मागे घेणं ही कृती आहे, मोठी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण रामबामच्या हिशोबाने दारात जाऊन, नाव घेऊन सांगणं हा वेगळा भाग आहे, आणि तो राहिला की काय होतं ते मला मावशीच्या तोंडावर दिसलं होतं. काकूंचे एक मामा तेव्हा तिथे होते. त्या म्हणाल्या, मामा त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत, विषय निघाला की उठून चहा टाकायला जायचे.

आता दुसरी बाजू, दुःखाची. इथे मी जरा घाबरतच वाचत होते, कारण चूक आणि दुःख एका ओळीत आले की पुढचं वाक्य काय येतं ते मला माहीत आहे. हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकड्यांवर ते मी पुष्कळ ऐकलंय. काहीतरी मागच्या जन्मीचं असणार. कोणाचे तरी तळतळाट असणार. देव परीक्षा बघतो. ज्याच्या घरचं माणूस आत आहे तो मान हलवतो, त्याच्यात वाद घालायचं त्राण नसतं.

तालमूदमध्येही सुरुवात तशीच होते. दुःख आलेलं दिसलं तर माणसाने आपलं वागणं तपासावं. रब्बी हुना यांचे द्राक्षारसाचे चारशे रांजण आंबून व्हिनेगर झाले, तेव्हा भेटायला आलेले विद्वान म्हणाले, जरा स्वतःकडे बघा. हुना चिडले, माझ्यावर संशय घेता? ते म्हणाले, मग देव विनाकारण शिक्षा करतो असा संशय घ्यायचा? हुना म्हणाले, बरं, कोणी माझ्याबद्दल काही ऐकलं असेल तर सांगा. ऐकलंय, म्हणाले, तुम्ही तुमचा मळा कसणाऱ्या कुळाला वेलींच्या छाटणीतला वाटा देत नाही. अहो तोच मला काही शिल्लक ठेवत नाही, सगळं चोरतो! यावर त्यांनी लोकांत चालणारी म्हण सांगितली, चोराकडून चोरलं तरी चव चोरीचीच लागते. हुनांनी वाटा द्यायचं कबूल केलं. कोणी म्हणतं व्हिनेगरचा पुन्हा द्राक्षारस झाला, कोणी म्हणतं व्हिनेगरचे भाव इतके वाढले की त्याच किमतीला विकलं गेलं. मला दुसरं उत्तर जास्त आवडतं.

पण लक्षात घ्या, हुनांनी विचारलं. तोंडाने विचारलं, काही ऐकलं असेल तर सांगा. आणि गेलं होतं काय, तर रांजण. माणूस गेलं असतं तर? त्याचं उत्तर तालमूदच्या दुसऱ्या एका पानावर आहे आणि ते पान मी मनाशी धरून ठेवलंय. शब्दांनी माणसाला दुखावण्याबद्दलचा तो भाग. तिथे म्हटलंय, जो मागे फिरलाय, सुधारलाय, त्याला तुझे जुने धंदे आठव असं म्हणू नये. आणि लगेच पुढे, ज्याच्यावर दुःख कोसळलंय, आजार आलाय, ज्याने आपली मुलं पुरली आहेत, त्याला बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याच्याशी बोलले तसं बोलू नये. ते मित्र काय म्हणाले होते, तर निरपराध असून कोणाचा कधी नाश झालाय का, आठवून बघ. बास. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात. चुकलेल्याला त्याची चूक परत दाखवायची नाही आणि दुःखी माणसाला तू कुठेतरी चुकलाच असणार असं सुचवायचं नाही. स्वतःला तपासायचा हक्क ज्याचा त्याला, शेजारच्या बाकड्यावरच्याला नाही.

आणि दुःखाने माणूस मोठा होतो, घडतो, हे? ते म्हणणारे रब्बीही आहेत, दुःख ही देवाच्या प्रेमाची खूण असते असं सांगणारे. पण त्याच चर्चेच्या शेवटी रब्बी योहानान येतात. या माणसाची दहा मुलं गेली होती, दहाव्याचं एक हाड ते जवळ बाळगत आणि दुसऱ्या दुःखी माणसाला दाखवत. ते आजारी हिया बर अब्बांना भेटायला जातात आणि विचारतात, तुला ही दुःखं प्रिय आहेत का? उत्तर येतं, दुःखंही नकोत आणि त्यांचं फळही नको. योहानान त्याला रागावत नाहीत, समजावत नाहीत, म्हणतात हात दे, आणि हात धरून उठवतात. मग योहानान स्वतः आजारी पडतात, दुसरे रब्बी येतात, तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच हात. तिथे विचारलंय की योहानान दुसऱ्याला उठवू शकत होते तर स्वतः का नाही उठले? कारण कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

मुंबईत मस्जिद बंदरच्या पलीकडे सॅम्युअल स्ट्रीटवर जी जुनी मशीद म्हणून ओळखली जाते ते खरं तर १७९६ चं सिनेगॉग आहे, दयेचं दार या अर्थाचं हिब्रू नाव असलेलं, आणि ते बांधणारे सॅम्युअल दिवेकर इंग्रजांच्या फौजेतले, टिपूच्या कैदेत पडलेले. सुटलो तर सिनेगॉग बांधीन असा नवस केला होता म्हणतात. सुटका झाली ती स्वतःच्या बळावर नव्हती हे त्यांना माहीत होतं म्हणूनच ते नाव दिलं असावं, असं मला वाटतं.

शेवटी पुन्हा रामबामकडे येते, कारण त्यांच्याबद्दल वाचताना एक गोष्ट कळली जी मी अपेक्षिलीच नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ दाविद व्यापारी होता, रत्नांचा. घर त्याच्या कमाईवर चालायचं म्हणून मोठ्या भावाला लिहिण्या-वाचण्यात वेळ घालवता येत होता. दाविदने तांबड्या समुद्रावरच्या ऐधाबहून भावाला लिहिलेलं पत्र कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या कागदांच्या ढिगात सापडलं, आज केंब्रिजला आहे. वाळवंट कसं पार केलं, ठरवलेला माल मिळाला नाही म्हणून आता इंडियाला जायचं ठरवलंय, काळजी करू नको, अशा अर्थाचं. आपल्या बाजूला यायला निघालेला तो मुलगा हिंदी महासागरात बुडाला, बरोबर घरचे आणि लोकांचे पैसे घेऊन, मागे बायको आणि लहान मुलगी ठेवून. रामबामने अनेक वर्षांनी एका पत्रात लिहिलंय की बातमी आल्यापासून जवळजवळ वर्षभर मी अंथरुणात होतो, ताप, भ्रम. तो माझ्या मांडीवर वाढला, माझा भाऊ, माझा विद्यार्थी. आठ वर्षं झाली आणि मला अजून सांत्वन नाही. त्याचं अक्षर दिसलं की काळीज हलतं. तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) आणि शास्त्रांचा अभ्यास नसता तर या दुःखात मी संपलोच असतो.

ज्यांनी चुकीसाठी इतके पक्के नियम लिहिले त्यांनी या पत्रात दुःखासाठी एकही नियम दिलेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भाऊ बुडाला यात काहीतरी शिकवण होती असं ते तिथे म्हणत नाहीत. घर चालवायला हवं म्हणून त्यांनी वैद्यकी धरली, पुढे सुलतान सलाउद्दीनच्या वजिराचे वैद्य झाले, आणि म्हातारपणी आपल्या ग्रंथाच्या भाषांतरकाराला लिहिलं की रोज सकाळी कैरोला जातो, दुपारनंतर भुकेला परत येतो तर ओसरी माणसांनी भरलेली असते, ज्यू, बिगरज्यू, मोठे, साधे, सगळे. हात धुऊन थोडं खायची परवानगी मागतो त्यांच्याकडे, दिवसातलं तेवढंच खाणं. मग रात्र होईपर्यंत तपासतो, औषधं लिहून देतो, कधी कधी इतका थकतो की आडवं पडूनच त्यांच्याशी बोलतो.